खिडकी होती तिथे

वाटी पडली तेव्हा मी मोरीत तोंड धूत होते. स्टीलची छोटी वाटी, आत मूठभर भात आणि खाली विटांच्या भुकटीचा थर, त्यामुळे आवाजसुद्धा धड झाला नाही. बद्द असं काहीतरी ऐकू आलं. येऊन बघते तर आई भिंतीत पाडलेल्या भगदाडासमोर उभी. उजवा हात अजून पुढेच होता, कोपरात जरासा वाकलेला, बोटं उघडी. इतकी वर्षं खिडकीचा कट्टा ज्या उंचीवर होता, बरोबर त्याच उंचीवर तो हात थांबला होता. कट्टा आदल्या दिवशी संध्याकाळी निघाला होता. भगदाडावर लावलेली निळी ताडपत्री किल्ल्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं फुगत होती, बसत होती. आईनं आधी हाताकडे बघितलं, मग खाली, मग माझ्याकडे. "सवय गं," एवढंच म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकायला लागली. मी वेचते म्हटलं तर ऐकेना. तांबड्या भुकटीतून तिनं भाताची शितं एकेक करून उचलली, चाळणीत धरून नळाखाली धुतली, पुन्हा वाटीत घातली. आणि मग ती वाटी हातात घेऊन घरभर हिंडली. चिमण्यांची वाटी आता ठेवायची कुठे?

शेवटी गॅसच्या ओट्यावर ठेवली. तिथेच ती दुपारपर्यंत होती.

हे सगळं मी आईसाठी काढलं होतं, म्हणून ती वाटी मला जास्त लागली. आईचे गुडघे गेलेत. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून परसात उतरायला तीन पायऱ्या आहेत, त्याही जुन्या मापाच्या, उंच आणि अरुंद. गेली तीन वर्षं ती परसात गेलेली नाही. तिनंच लावलेला कढीपत्ता, सोनटक्का, पेरूचं झाड, सगळं ती तिच्या खोलीच्या खिडकीतून बघते आणि मला सांगते, पेरूला पाणी कमी पडतंय, सोनटक्क्याची पानं वाळलीत ती काढ. मला वाटलं, खिडकी रुंद करून खाली जमिनीपर्यंत उतरवावी, काचेचं सरकतं दार बसवावं, बाहेर खोलीच्याच पातळीला एक रुंद ओटा करून घ्यावा. खुर्ची घेऊन थेट झाडाखाली. आईला विचारलं तर लगेच म्हणाली, "कर की." इतक्या लगेच, की मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

ती खिडकी साडेतीन फुटांची. सागवानी चौकट, उभे लोखंडी गज, आणि खाली काळ्या कडप्प्याची एकसंध फळी. फळीची आतली कड आईच्या हातानं गुळगुळीत झालेली, बोट फिरवलं तर साबणाच्या वडीसारखी लागायची. तांदूळ निवडायचे ते तिथे, ताट कट्ट्यावर टेकवून, कारण तिथला उजेड खरा. लिंबाच्या लोणच्याची बरणी तिथे उन्हाला. आमचं घर साताऱ्यात, गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पूर्वेच्या पायथ्याला, त्यामुळे सूर्य किल्ल्याआड लवकर जातो. गावात अजून पिवळं ऊन असतं आणि आमच्या परसात सावली उतरलेली असते. पावसाळ्यात यवतेश्वराकडून सर चालून यायची. आधी किल्ल्याचा माथा पुसला जायचा, त्याबरोबर वरचा टीव्हीचा टॉवर, मग झाडी, मग शेजारच्यांचं कुंपण, आणि मग एकदम आमचा पेरू वाजायला लागायचा. आई गजांना धरून हे सगळं बघायची. "आला गं, कपडे काढ," असं ती सांगायची तेव्हा थेंब पडायला अजून मिनिटभर तरी असायचं.

आणि शेजारच्या काकू. कुंपणातल्या फटीतून येऊन त्या खिडकीखाली उभ्या राहायच्या. दोघींचं आयुष्यभराचं बोलणं त्या गजांमधून झालेलं आहे. देणंघेणंही. दोन गजांमधून वाटी जायची, ताट जायचं नाही. त्यामुळे आमच्याकडून काकूंकडे पुरणपोळी जायची ती चौघडी घालून, आमटी फुलपात्रातून, आणि कोशिंबीर तर आई मुद्दाम त्या एका उभट भांड्यात काढायची. लहानपणी मला वाटायचं, पुरणपोळी दुसऱ्याच्या घरी द्यायची तर ती घडी घालूनच द्यायची असते.

ही खिडकी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ठेवलेली. घर १९७६ सालचं. अण्णा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. नकाशे काढायचे, म्हणजे पारदर्शक कागदावर रेघ न रेघ शाईनं उतरवायची, हात हलला तर पूर्ण कागद गेला. माणूसही तसाच, आखीव. घर बांधलं तेव्हा पश्चिमेच्या चौदा फुटी भिंतीत त्यांनी ही एवढीशी खिडकी ठेवली. आई लग्न होऊन आली ती त्याच वर्षी. चौथरा झाला होता, भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या, तेव्हापासून ती म्हणत होती की या खोलीतून परसात एक दार ठेवा. अण्णा म्हणायचे, बघू. घर पूर्ण झाल्यावरही म्हणायचे, बघू. मला कळायला लागल्यावर मी हे 'बघू' कितीतरी वेळा ऐकलं आणि मनाशी ठरवून टाकलं की अण्णा कंजूष आहेत. दार म्हणजे खर्च, म्हणून बघू. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण तेव्हाचं ते मत मी कधी पुन्हा तपासलं नव्हतं.

कोयनेचे धक्के आम्हाला नवे नाहीत. मांडणीवरची भांडी किणकिणतात, दिवा झुलतो, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो. सातारकर, कराडकर, पाटणकर यांच्या घरात त्यावर फार बोलणं होत नाही. पण अण्णा त्या क्षणी वेगळे माणूस व्हायचे. आधी भिंतीला तळहात लावायचे. डॉक्टर पोटाला लावतो तसा, पूर्ण पंजा पसरून. मग आम्हाला एकेकाला उठवून स्वयंपाकघरातून, त्या तीन पायऱ्यांवरून परसात काढायचे आणि अंधारात प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचे. आम्ही तिघंच तर होतो. तरी मोजायचे. अशाच एका रात्री परसात शाल पांघरून उभी असताना आई म्हणाली होती, "या खोलीला मागं दार असतं तर एवढं फिरून यावं लागलं नसतं. पळायला तरी दार जवळ हवं ना?" अण्णा म्हणाले, "भिंत राहिली तर पळायचं." मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते चिडून दिलेलं उत्तर वाटलं होतं.

काम मी आधी ज्याच्याकडे दिलं तो ठेकेदार फार उत्साही होता. आठ फूट दार घ्या ताई, थ्री ट्रॅक करा, दोन काचा आणि एक डासांची जाळी, ब्रेकर लावला की दोन दिवसांत भिंत मोकळी. मी आगाऊ रक्कमही दिली. त्याच्याबरोबर आलेला म्हातारा गवंडी मात्र आल्यापासून गप्प होता. त्यानं ब्रेकरला हात लावला नाही. छिन्नी-हातोडी घेऊन खिडकीच्या वरचा गिलावा काढायला बसला. लिंटल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई, कुठवर गेलंय ते बघतो म्हणाला. साधारण खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ इंच काँक्रीट भिंतीत शिरलेलं असतं, मग विटा सुरू होतात. त्यानं नऊ इंच सोललं, काँक्रीट. फूटभर सोललं, काँक्रीट. दोन फुटांवर गेला तरी विटेचा लाल रंग दिसेना. मग तो उठून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथं त्याच उंचीवर चार बोटं गिलावा उडवला. तिथंही तेच. हातोडी खाली ठेवून तो म्हणाला, "ताई, हे नुसतं लिंटल न्हाय. हा पट्टा हाय. समद्या घराला कमरपट्टा बांधलाय कुणीतरी. हितं ब्रेकर लावू नगासा, आधी इंजिनेराला बोलवा."

कुणीतरी म्हणजे अण्णांनी.

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आले. घराचा नकाशा आहे का विचारलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वीजबिलांच्या आणि माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या खाली, गुंडाळी करून ठेवलेला मिळाला. ट्रेसिंगचा कागद पिवळा पडून कडक झालेला, उलगडताना कडा तुटत होत्या. अण्णांची शाई मात्र तशीच काळीभोर. चारही भिंतींवर, मधल्या भिंतीवरसुद्धा, सात फुटांच्या उंचीला दोन समांतर रेघा, कोपऱ्यात सळ्या कशा वळवायच्या त्याची वेगळी मोठी आकृती, आणि बाजूला त्यांच्या सुबक अक्षरात एकच शब्द: सलग. त्याखाली दोनदा रेघ ओढलेली. इंजिनिअर बराच वेळ त्या कोपऱ्याच्या आकृतीकडेच बघत होते. म्हणाले, भूकंपात भिंती हलतात तेव्हा कोपऱ्यांत सुटतात, एक भिंत एका बाजूला जाते, दुसरी दुसऱ्या बाजूला. हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरून ठेवतो. इमारती भूकंपाला टिकाव्यात म्हणून कशा बांधाव्यात याचं आपल्याकडचं मानक, आयएस ४३२६, पहिल्यांदा निघालं १९६७ साली. "पण छोट्या घरात हे करणारी माणसं तेव्हा फार नव्हती. आताही नाहीत."

१९६७ हे साल आमच्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर, पहाटेचे चार वाजून गेलेले, लोक थंडीत दारं लावून झोपलेले. कोयनानगर झोपेतच कोसळलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणालाही वरच्या भागात तडे गेले. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. घर इतरांसारखंच, दगडमातीचं. दोन फूट जाडीची भिंत दिसायला किल्ल्यासारखी, पण आत बघितलं तर दोन वेगवेगळे थर, आतला आणि बाहेरचा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. अशी भिंत हलली की तिला पोट येतं आणि मग एक थर आत, एक बाहेर ढासळतो. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्या रात्री घरात होते. एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

इंजिनिअरांनी आठ फूट दाराला साफ नकार दिला. एकमजली घरातसुद्धा एका भिंतीतल्या सगळ्या दारं-खिडक्यांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्याच्या आत ठेवा, कोपऱ्यापासून लांब ठेवा, असा त्यांचा हिशोब. चौदा फुटांत सहा फूट, तेही मधोमध. उंची पट्ट्याच्या खालीच, पट्ट्याला धक्का नाही. पण साडेतीन फुटांवर जो पट्टा निवांत पडून होता त्याला सहा फुटांवर वरचं ओझं पेलायचं होतं. नुसत्या विटांचंच सातशे किलोंच्या घरात, स्लॅबचं वेगळं. म्हणून पट्ट्याच्या खालून दोन लोखंडी चॅनल, म्हणजे आडव्या तुळया, एक खोलीच्या बाजूनं, एक परसाच्या. आधी भिंतीत आतून चर कापायची, पहिला चॅनल बसवायचा, फटी मसाल्यानं ठासून भरायच्या, तो घट्ट होऊ द्यायचा. मग बाहेरून दुसरा. मग दोन्ही एकमेकांना भिंतीतून आरपार बोल्टनं आवळायचे. दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच टेकू, तोही विटेवर नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यावर. एवढं सगळं झाल्यावर मगच खालची भिंत काढायची, ग्राइंडरनं कापून, घणाचे धक्के न देता. दोन दिवसांचं काम तीन आठवड्यांवर गेलं. आधीच्या ठेकेदारानं अंग काढून घेतलं आणि आगाऊ रक्कम काही परत दिली नाही. त्या म्हाताऱ्या गवंड्यानं मात्र त्याचं काम सोडलं आणि तो आमच्याकडेच राहिला.

निघताना इंजिनिअर सहज म्हणून गेले, "तुमच्या वडिलांनी बांधतानाच इथं दार ठेवलं असतं तर काही अडचण नव्हती. त्यांचा पट्टा चांगला आहे. चार फुटांचं दार आरामात झालं असतं." मी मान हलवली, दार लावून घेतलं आणि तिथंच उभी राहिले. म्हणजे अण्णांना हे माहीत होतं. ज्या माणसाला कोपऱ्यातली सळई किती वळवायची ते माहीत होतं, त्याला हेही माहीत असणारच. कंजुषीचा प्रश्न तर नव्हताच. या पट्ट्याच्या सिमेंट-लोखंडात दहा दारं झाली असती. मग आईला पंचेचाळीस-पन्नास वर्षं गजांच्या आड का ठेवलं? त्या रात्री मला अण्णांचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी, आणि एकानं दुसरा कमी होत नव्हता.

वाटी पडली त्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ बसले. ताडपत्रीच्या कडेनं किल्ल्याचा एक तुकडा दिसत होता. मी विचारलं, तुला हे दार खरंच हवं होतं का? ती बराच वेळ गुडघे चोळत होती. मग म्हणाली, "मी त्यांच्याकडं मागायचं कधी सोडलं, तुला ठाऊक आहे? तू दहावीत असशील. गावी गेलो होतो जुन्या घराच्या वाटणीला. चौथरा राहिलाय नुसता. हे एका बाजूला जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, इथं आजी झोपायची. पश्चिमेची भिंत पडली, ती तिच्यावर." आई थांबली. "भिंतीत जनावरांना वैरण टाकायला मोठी खिडकी होती म्हणे, तिथूनच फुटली. तिथनं आल्यावर मी परत दाराचं नाव काढलं नाही."

मी म्हटलं, मग मला का हो म्हणालीस? मला हे सांगितलं असतंस तर मी हातच लावला नसता.

"तू विचारलंस तेव्हा वाटलं, आता नको म्हणणारं कोण आहे?" ती म्हणाली. "मला दार हवंच होतं. हवंच होतं गं. पण काल कट्टा काढला ना, तेव्हा रात्रभर मला वाटत होतं, ह्यांना न विचारता केलं."

मी तिला ट्रंकेतला नकाशा आणून दाखवला. तिनं तो आधी कधी बघितला नव्हता. चष्मा लावून, कागद दिव्याजवळ धरून, ती त्या दोन रेघांवरून बोट फिरवत खोलीखोलीतून गेली. स्वयंपाकघर, माजघर, पुढची खोली, आणि मग पश्चिमेची भिंत. 'सलग'पाशी येऊन बोट थांबलं. काही बोलली नाही. कागद पुन्हा गुंडाळताना तुटलेल्या कडेचे कपटे तिनं वेचून आतच ठेवले.

दार मेच्या शेवटच्या आठवड्यात बसलं. दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा. पायात अडकू नये म्हणून रूळ फरशीच्या पातळीत बुडवून घेतले आहेत, आणि पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरचा ओटा बोटभर खाली आणि परसाकडे उताराचा. पहिल्याच वळवात मी चादरी घेऊन तयार होते, पश्चिमेचा पाऊस काचेवर थेट येऊन आपटत होता. पण रुळाच्या भोकांतून पाणी बाहेर निघून गेलं, आत थेंब नाही. खोलीत उजेड इतका वाढलाय की भिंतीवरचे जुने डाग दिसायला लागलेत. काकू आल्या आणि कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना. आत ये म्हटलं तर, चपला कुठं काढू, म्हणाल्या. गजांखाली त्या तास-तास उभ्या राहायच्या, आता दहा मिनिटं खुर्चीवर पाहुण्यासारख्या बसल्या आणि गेल्या. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते कसं भरून काढायचं ते सुचत नाही. आई पहिल्यांदा बाहेर निघाली तेव्हा रुळापाशी थांबली आणि पाय चांगला वीतभर उचलून पलीकडे टाकला, उंबरठा ओलांडावा तसा. तिथं उचलण्यासारखं काहीच नव्हतं. पेरूच्या खोडाला हात लावून उभी राहिली, वर बघत. मी तिच्यामागे खुर्ची घेऊन गेले तर म्हणाली, "थांब, बसत नाही एवढ्यात."

कडप्प्याची फळी गवंड्यानं अख्खी काढून ठेवली होती, भंगारात जाऊ दिली नव्हती. ओट्याचं काम संपवायला आला त्या दिवशी त्यानं ती पेरूजवळ आणून भिंतीला टेकवली. "मावशी, हिला हितंच दोन विटांचे पाय करून देतो. तुमच्या पाखरांना. किती उंच ठेवू?" मी म्हटलं, जुन्या कट्ट्याचं माप घ्यायला हवं होतं, आता कसं कळणार. आई खुर्चीतून उठली. फळी जिथं येणार होती तिथं उभी राहिली आणि उजवा हात पुढं केला, कोपरात जरासा वाकलेला. गवंडी तिच्या तळहाताखाली गुडघ्यावर बसला आणि त्यानं टेप जमिनीपासून वर ओढली.

"दोन फूट धा," तो म्हणाला, आणि विटा ओल्या करायला घेतल्या. फळी बसवून झाल्यावर लेव्हल धरून बघितलं, कडेचा मसाला पुसला. "दोन दिस कायबी ठेवू नगा हिच्यावर, मावशी. ओलं हाय."

आईनं मान हलवली. वाटी तिच्या डाव्या हातात होती.